तीन फ्रेम अंधार

१

दहा ते बारा क्लास, साडेबारा ते पाच स्टुडिओ. सत्त्याण्णव सालचं माझं वेळापत्रक एवढंच होतं, आणि ते मी स्वतः आखलेलं असल्यामुळे मला फार आवडायचं. बी.एस्सी. झाल्यावर बाबांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवला होता. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत ज्याच्या घरी पदवीधर, त्याच्या टेबलावर तो फॉर्म असायचाच. मी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उसळी मारणाऱ्या चेंडूची बारा चित्रं काढली आणि ठाण्याच्या मल्टिमीडिया क्लासमध्ये नाव घातलं. बाबा आठ दिवस बोलले नाहीत. घरात शांतता होती, मला बरंच पडलं.

क्लासात तीस जणांत चार कॉम्प्युटर. माउसला हात लागेपर्यंत तास संपायचा. पण सर हुशार होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं मी वहीत चौकट करून लिहून ठेवलं होतं: सेकंदाला बारा फ्रेम. बाहुली जिवंत वाटायला हवी असेल तर तिला चालवू नका, बोलवू नका, आधी तिची पापणी लववा. तीन फ्रेम डोळे मिटलेले, मग पुन्हा उघडे. तेवढ्यावर बघणारा फसतो.

सरावाला कॉम्प्युटर हवा होता आणि तो मी शोधून काढला. स्टेशनकडून कोळीवाड्याकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी पायस अंकलचा स्टुडिओ होता. त्यांचा मुलगा जेराल्ड मस्कतला होता. त्याने वडिलांना कॉम्प्युटर, स्कॅनर असं सगळं घेऊन दिलं होतं आणि अंकलनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून वर येशूची तसबीर ठेवली होती. मी आत गेले आणि सांगितलं, तुम्ही मला कॅमेरा आणि डार्करूम शिकवा, मी तुमचा कॉम्प्युटर चालवून दाखवते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साठीचा माणूस, डाव्या डोळ्याची पापणी किंचित उतरलेली. मग त्यांनी तसबीर उचलून बाजूला ठेवली.

माणूस चांगला होता, पण जुना. दुपारी एक ते चार सगळी गल्ली शटर ओढून झोपायची, हे मात्र डार्करूममध्ये स्टुलावर टक्क जागे बसायचे. मी त्यांना घुबड म्हणायचे, ते हसायचे. भिंतीवर त्यांचा आणि बिट्रिस आंटीचा लग्नातला फोटो होता आणि त्याच्याखाली चर्चच्या सणाचे ग्रुप फोटो, दरवर्षीचा एक. लग्नाचा सोडला तर प्रत्येक फोटोत अंकलचे डोळे मिटलेले. फोटोग्राफर असून कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता, असं मी त्यांना सारखं चिडवायचे.

२

आवडाबाई आली ती मुलाला, गुणाजीला, बरोबर घेऊन. हातातल्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो होता, कुणाच्या तरी हळदीतला. त्यात तिचा थोरला मुलगा नामा, गळ्यात रुमाल, तोंडभर हसू. आणि डोळे मिटलेले. फ्लॅश उडाला त्याच क्षणी पापणी लवली असणार.

नामा दोन वर्षांपूर्वी खाडीतून होडी घेऊन गेला तो आला नाही. होडी मिळाली, तो मिळाला नाही. त्याचा हा एवढाच फोटो. भिंतीवर लावायचा तर डोळे मिटलेला कसा लावणार, म्हणून दोन वर्षं तो पिशवीत होता.

“माजे नामाचे डोले उगरून दे, बाय,” ती मला म्हणाली. अंकलना नाही, मला. स्टुडिओत कॉम्प्युटर आल्याचं कोळीवाड्यात पसरलं होतं.

ती गेल्यावर अंकलनी फोटो माझ्या हातातून घेतला, भिंगाखाली धरला आणि मला सांगितलं की हे काम पेन्सिलचं आहे. कॉपी निगेटिव्ह काढायची, तिच्यावर बारीक टोकाच्या पेन्सिलीने डोळे काढायचे. ते चाळीस वर्षं असंच करत आले होते. त्यांच्या हातचे असे फोटो मी कोळीवाड्यात पाहिले होते. एका घरात म्हातारी, दुसऱ्यात हवालदार, तिसऱ्यात नऊ वर्षांची मुलगी, आणि तिघांनाही डोळ्यांची एकच जोडी. डावी पापणी तीच, नजर तीच. मला ते फार हास्यास्पद वाटलं होतं. चेहऱ्यागणिक डोळे वेगळे असतात एवढंही चाळीस वर्षांत कळू नये?

मी माझी योजना सांगितली. गुणाजी नामाच्या पाठचा, चेहऱ्याची ठेवण तीच. त्याच्या डोळ्यांचा जवळून फोटो काढायचा, उजेड हळदीच्या फोटोतल्यासारखा डावीकडून आणि नजर थोडी वर. तो स्कॅन करायचा, डोळे कापून नामाच्या चेहऱ्यावर बसवायचे आणि कडा मिसळून टाकायच्या. अर्ध्या दिवसाचं काम.

“दुसऱ्याचे लावू नको,” अंकल म्हणाले.

“का?”

“नाही लावायचे.”

कारण न देता नाही म्हणायचं, हे वडीलधाऱ्यांचं शास्त्र मला तोंडपाठ होतं. घरी तेच, इथेही तेच. मी दुसऱ्या दिवशी अंकल चर्चमध्ये गेलेले असताना गुणाजीला बोलावून घेतलं.

३

गुणाजी माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल. खाडीवर जाणं त्याने भावानंतर सोडलं होतं आणि तो कुवेतची वाट बघत होता. तिथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये जागा होती, गल्लीतल्या एजंटाने नाव नोंदवलं होतं. आवडाबाईचं सगळं लक्ष त्या कागदांवर. उरलेला मुलगा तिला पाण्यापासून जितका लांब जाईल तितका हवा होता.

मी त्याला स्टुलावर बसवलं, कॅमेरा अगदी जवळ नेला, इतका की फ्रेममध्ये फक्त भुवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचा पट्टा मावत होता. तो मला मॅडम म्हणून चिडवत होता आणि विचारत होता की बाकीचा गुणाजी कुठे गेला. मी तीन वेळा शटर दाबलं. तिन्ही निगेटिव्ह खणखणीत आल्या, डोळे उघडे, बुबुळात दिव्यावरच्या पांढऱ्या छत्रीचा ठिपका. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मी त्या भिंगाखाली नीट तपासून, पाकिटावर तारीख घालून ठेवल्या होत्या.

जोडकाम सुंदर झालं. आमच्याकडे प्रिंटर नव्हता, म्हणून मी मॉनिटरचाच फोटो काढला. पडदे ओढून, कॅमेरा तिवईवर लावून, शटर पूर्ण एक सेकंद उघडं ठेवून, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या रेघा उमटत नाहीत. ही युक्ती माझी मी शोधली होती. मग निगेटिव्ह धुऊन डार्करूममध्ये एनलार्जरखाली कागद धरला आणि तो लाल दिव्यात डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला.

आधी डोळे आले.

कागद पांढरा होता आणि त्यावर फक्त दोन डोळे, माझ्याकडे बघत. मी ट्रे हलवत राहिले. हे साहजिकच आहे, मी मनाशी म्हटलं, सगळ्यात काळा भाग सगळ्यात आधी उमटतो आणि बुबुळं काळी असतात. पण नामाचे केसही काळे होते. ते यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ ते डोळे चेहऱ्याशिवाय पाण्याखाली होते.

मागे दार वाजलं नाही, पण अंकल येऊन उभे होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं. रागावले असते तर मला भांडता आलं असतं. ते बाहेर गेले आणि बिट्रिस आंटीच्या फोटोसमोर उभे राहिले.

४

आवडाबाईने फोटो छातीशी धरून नेला. दुसऱ्या दिवशी तिने केळीच्या पानात तळलेल्या बोंबलांचा डबा पाठवला. मी तो अंकलसमोर बसून मुद्दाम चवीने खाल्ला.

महिन्याभराने गुणाजी पासपोर्टच्या फोटोसाठी आला. एजंटाला शनिवारपर्यंत अर्ज हवा होता, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. सोमवार होता, घाई काहीच नव्हती. मी त्याला बसवलं, चार फोटो काढले, संध्याकाळी रोल धुतला. चारही फोटोंत डोळे मिटलेले.

मंगळवारी त्याला परत बोलावलं. तो म्हणाला, मॅडम, मी तर टक लावून बघत होतो. मलाही तसंच दिसलं होतं. मी फ्लॅश काढून टाकला, खिडकीच्या उजेडात आठ फोटो काढले, प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांत बघून मगच बटण दाबलं. आठही मिटलेले.

आता मी विज्ञानाची पदवीधर आहे. बुधवारी मी हिशेब मांडला. माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो आणि एकेका वेळेला सेकंदाचा तिसरा भाग जातो. म्हणजे मिनिटातले पाच सेकंद डोळे मिटलेले, बारातला एक. छत्तीस फोटो काढले तर तीन मिटलेले यायला हवेत, फार तर सहा. मी नवीन रोल घातला आणि छत्तीसच्या छत्तीस त्याच्यावर संपवला.

मध्येच तो सहज म्हणाला, हल्ली झोप नीट लागत नाही. मी विचारलं, कुवेतची काळजी का? नाही, म्हणाला, डोळे मिटले की आई दिसते. चुलीपाशी, मासे साफ करताना, पण वरून. माळ्यावर चढून खाली बघावं तशी. तो हसला, म्हणून मीही हसले.

संध्याकाळी ओली फिल्म दिव्यासमोर धरली. छत्तीस वेळा गुणाजी, मान सरळ, केस विंचरलेले, डोळे मिटलेले. झोपलेल्या माणसाचे असतात तसे सैल नाहीत, कुणीतरी वरून हात फिरवून मिटवावेत तसे.

५

मला उपाय सुचायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गुणाजीचे स्वतःचे डोळे माझ्याकडे होते. तेच त्याच्या पासपोर्टच्या फोटोवर बसवायचे. नजर थोडी वर जाईल, पण चालून जाईल. त्यांचं स्कॅन ज्या फ्लॉपीवर ठेवलं होतं ती कॉम्प्युटरने वाचली नाही. फ्लॉप्या नेहमीच बिघडायच्या, त्याचं मला काही वाटलं नाही. मी निगेटिव्हचं पाकीट काढलं. वर माझ्या अक्षरात तारीख होती. आत तीन निगेटिव्ह होत्या, भुवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचा पट्टा.

तिन्हींत पापण्या खाली होत्या.

मी पाकीट उलटं करून झटकलं. दुसऱ्या पट्ट्या असतील, मी चुकीच्या ठेवल्या असतील, उघड्या डोळ्यांची पट्टी स्कॅनरमध्येच राहिली असेल. स्कॅनर उघडला. रद्दीची टोपली उपसली. त्या संध्याकाळी मी स्टुडिओतला प्रत्येक ड्रॉवर बाहेर काढला आणि अंकल स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहिले. “मिळणार नाहीत,” एवढंच म्हणाले. मी त्यांना मधे बोलू नका म्हणून सांगितलं.

मॉनिटरवरून काढलेल्या नामाच्या निगेटिव्हमध्येही डोळे मिटलेलेच होते. आता ते डोळे जगात एकाच ठिकाणी होते. गुरुवारी सकाळी क्लास बुडवून मी कॅमेरा आणि भिंग घेऊन आवडाबाईच्या घरी गेले.

एका खोलीचं घर, दाराबाहेर खाडी. फोटो दाराच्याच भिंतीवर आतून, चुलीच्या वर, तोंड दाराकडे येणार नाही असा कोपऱ्यात लावलेला. अबोलीचा हार. मी फोटो उतरवून कॉपी काढू का विचारलं तर आवडाबाई मध्ये येऊन उभी राहिली. उतरवायचा नाही, म्हणाली, तिथंच काय ते कर. म्हणून मी स्टुलावर चढले आणि आधी भिंगातून पाहिलं.

डोळ्यातल्या पांढऱ्या ठिपक्यात छत्री दिसायला हवी होती. आमच्या स्टुडिओतली, आठ काड्यांची. ती नव्हती. तिथे एक आडवी रेघ होती आणि रेघेवर बारीक उभ्या काड्या, एका ओळीत. मला ओळखायला वेळ लागला. खाडीत जाळी लावायला रोवलेले खांब होते ते.

मी वळून पाहिलं. गुणाजी दारात आमच्याकडे पाठ करून उभा होता, खाडीकडे बघत.

काचेत प्रतिबिंब पडलं, मी स्वतःला सांगितलं. पण फोटोचं तोंड दाराकडे नव्हतं. तरीही मी हार बाजूला केला, मागचे बारीक खिळे काढले आणि काच काढून आवडाबाईच्या हातात दिली. पुन्हा भिंग लावलं. खांब होतेच. एक होडी त्यांच्यामधून डावीकडून उजवीकडे चालली होती. मी दाराकडे पाहिलं, ती होडी खरोखर जात होती. मी गुणाजीला हाक मारली. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी तेवढ्यात परत भिंगाला डोळा लावला असता तर काय दिसलं असतं ते मला ठाऊक होतं. म्हणून मी लावला नाही. काच बसवली आणि खाली उतरले.

आवडाबाईला म्हटलं, हा फोटो मला परत हवा आहे, मी डोळे पुन्हा मिटवून देते.

“दोन वरीस मिटलेलेच व्हते,” ती म्हणाली. “आता बगतय माजेकरं. नाय देनार.”

तिच्या जागी मी असते तर मीही दिला नसता.

६

“पेन्सिलने काढले असते तर काय झालं असतं?” मी अंकलना विचारलं. आवाज चढला होता, कारण मला उत्तर नको होतं, भांडण हवं होतं. “तुमचे कुणाचेच नसलेले डोळे लावले असते, एवढंच ना?”

अंकल टेबलापाशी बसले होते. त्यांच्यासमोर पेन्सिली, ब्लेड आणि दाढी करायचा छोटा गोल आरसा होता. तो आरसा मी वर्षभर तिथे बघत होते. दाढी ते घरूनच करून येतात, हे मला त्या क्षणी सुचलं.

“कुणाचेच नसलेले कसे काढणार, बाय?” ते म्हणाले. “काहीतरी समोर लागतंच ना.”

मी त्यांच्या डाव्या पापणीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या ग्रुप फोटोंकडे, एकाखाली एक, दरवर्षीचा एक. म्हातारी, हवालदार, नऊ वर्षांची मुलगी.

बाकीचं त्यांनी थोडक्यात सांगितलं, आणि तेही पूर्ण नाही. ते माझ्याएवढे असताना त्यांनीही घाई केली होती. बिट्रिसचा भाऊ गेला होता, त्याला त्यांनी बिट्रिसचे डोळे लावले होते. “तिला परत मिळवून दिले मी,” म्हणाले. कसे, ते मी विचारलं नाही. लग्नाच्या फोटोत त्यांचे डोळे उघडे होते, त्यानंतरच्या एकातही नाहीत.

मी विचारलं ते वेगळंच. दुपारी का झोपत नाही?

“डोळे मिटले की फार गर्दी होते.”

एवढं बोलून त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. नामाचं काम मी करतो, म्हणाले, एकाने काय फरक पडतो. पण ब्लेड पेन्सिलीवर नीट बसत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. त्या हातांनी काढलेले डोळे आवडाबाईने ओळखले असते, साऱ्या कोळीवाड्याला पाठ होते ते, आणि तिने फोटो बदलू दिला नसता.

खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली नाही, राग आला. चाळीस वर्षं हा माणूस गप्प राहिला. मला एक वाक्य नीट सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा प्रश्न निराळा. ऐकलं नसतं बहुतेक. पण चूक माझी होती आणि माझी चूक दुसऱ्याने, त्यातून म्हाताऱ्याने, निस्तरावी हे मला मान्य नव्हतं. मी पडदे ओढले, दिवा डावीकडे लावला, कॅमेरा जवळ आणला आणि स्टुलावर जाऊन बसले.

“तुम्ही फक्त शटर दाबा,” मी म्हटलं.

अंकल कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, “हसू नको. नुसती बघ.”

७

शुक्रवारी दुपारी मी नवा फोटो घेऊन गेले. काम पहिल्यापेक्षा सरस झालं होतं. महिन्याभरात माझा हात सुधारला होता. पुरुषाच्या चेहऱ्यावर बाईचे डोळे ओळखू येऊ नयेत म्हणून भुवया नामाच्याच ठेवल्या, पापण्यांचे केस थोडे कमी केले. ट्रेमध्ये डोळे आधी आले, चेहरा मागून. या वेळीही मी ट्रे हलवत राहिले.

आवडाबाईशी खोटं बोलायचं नाही, हे मी वाटेतच ठरवलं होतं. तिला सांगितलं, भिंतीवरचे डोळे गुणाजीचे आहेत आणि तुला त्याला कुवेतला पाठवायचं असेल तर ते त्याला परत द्यावे लागतील. ती मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. ती चुलीपाशी बसली होती, हातातली सुरी खाली ठेवून तिने वर फोटोकडे पाहिलं.

“मंग माजा नामा कोनाच्या डोल्यांनी बगंल?”

“माझ्या.”

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि स्वतः स्टुलावर चढून फोटो उतरवला. नवा बसवून झाल्यावर ती बराच वेळ त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. चहा घेतेस का, विचारलं. मी घेतला. जुना फोटो मी तिच्यादेखत चुलीत घातला. कडेपासून जळत आला, डोळे शेवटी.

तिथूनच गुणाजीला घेऊन मी स्टुडिओत आले. एकच फोटो काढला, दुसऱ्याची गरज नव्हती. रोल धुतला तेव्हा गुणाजी मला मागून विचारत होता, आलाय का, आलाय का. आला होता. डोळे इतके मोठे उघडे की पासपोर्टवाल्यांना वाटलं असेल याला कुणी दचकवलं. शनिवारी अर्ज गेला. दिवाळीनंतर गुणाजी कुवेतला गेला. तिथून त्याचं पत्र आलं, की आता झोप छान लागते, पण थंडी फार आहे.

८

याला आता दोन वर्षं झाली. मी त्याच क्लासमध्ये अ‍ॅनिमेशन शिकवते, अंधेरीच्या एका कंपनीसाठी जाहिराती करते, बाबा सोसायटीत सगळ्यांना माझं कार्ड देतात. कार्डावर फोटो नाही. ओळखपत्रावरच्या फोटोत डोळे मिटलेले आहेत. रेल्वेचा पास, निवडणुकीचं कार्ड, मावसबहिणीच्या लग्नाचा अल्बम, सगळीकडे मिटलेले. लोक हसतात, मीही हसते. मला पश्चात्ताप नाही. तेव्हा जे करायचं ते मी केलं आणि आजही तसंच करीन.

आणि गर्दी वगैरे काही नाही. माझ्याकडे एकच खोली आहे. डोळे मिटले की ती दिसते, वरून. चूल, पाट, पत्र्याची पेटी, तिच्यावर कुवेतहून आलेलं घड्याळ, दारातून येणारा खाडीचा उजेड. आवडाबाई मासे साफ करत असते. सुरुवातीला मी दचकून डोळे उघडायचे. आता बघत राहते. दुपारी वर्गातून आल्यावर दहा मिनिटं पडले की बरंही वाटतं. आवाज पहिल्या वर्षी येत नव्हता, आता येतो. ती दर दुपारी वर बघून विचारते, “जेवलास का रं, नामा?” मग जरा थांबते आणि विचारते, “आनि तू गं, बाय?”

पायस अंकल गेल्या पावसाळ्यात गेले. बिट्रिस आंटीने शवपेटी बंद करण्याआधी मला बोलावलं होतं. अंकलचे डोळे उघडेच राहिले होते. मिटवले तरी पुन्हा उघडत होते. मी त्यांना तसेच राहू द्या म्हटलं.

कालची गोष्ट सांगून थांबते. दुपारी तीनच्या सुमाराला मी घरी पलंगावर पडले होते. डोळे मिटलेले, खोली समोर. आवडाबाई स्टूल ओढून वर चढली आणि पदराने काच पुसू लागली. तिचा चेहरा इतका जवळ आला की मला तिच्या बुबुळात चौकट दिसली, हार दिसला, हाराच्या आत एक चेहरा. हळदीतलं ते तोंडभर हसू. मी त्याच्याकडे नीट बघणार तेवढ्यात सगळं काळं झालं.

मी मोजलं. सवयच आहे. एक, दोन, तीन. तीन फ्रेम अंधार, पापणी लवते तेवढा, मग पुन्हा खोली, पुन्हा आवडाबाई, तिचं तोंड अर्धवट उघडं, पदर हातातून निसटलेला.

माझे डोळे आधीपासून मिटलेलेच होते.